उत्तर उद्या सकाळी

१२ एप्रिल, रविवार. आज कूलर काढला. दर वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी काढते. यंदा मार्चअखेरच्या कामात राहून गेला, त्यामुळे भर उन्हात गच्चीवर बसून जाळ्यांमधलं मागच्या वर्षीचं कुजकं गवत उपसावं लागलं. पंप फिरेना. नवरा म्हणाला, नवा आणतो. मी म्हटलं, थांबा. बादलीत पाणी घेतलं, दोन लिंबं पिळली आणि पंप त्यात बुडवून ठेवला. तासाभरानं तो फिरायला लागला.

"तुला बरं सगळं माहीत असतं," नवरा म्हणाला.

मला काही माहीत नसतं. हे विमलताईंचं. "पंप बिघडत नाई वं, त्याच्या तोंडात खार बसते. लिंबाच्या पाण्यात घाल आन् इसरून जाय." माझ्या घरात असं पुष्कळ आहे. डाळीच्या डब्यात काय टाकायचं, पाहुणे अचानक आले तर काय करायचं, सासूबाईंशी कोणत्या वेळेला बोलायचं आणि कोणत्या वेळेला नाही. विमलताई गावंडे संक्रांतीच्या आधी गेल्या. त्यांच्यावर कुणी काही लिहिणार नाही. त्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होत्या, आणि अशा बाईवर लिहायची पद्धत नाही. म्हणून मीच लिहिते.

माझी अकोल्याला बदली झाली तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. घर अमरावतीला, नोकरी अकोल्याला. आमच्याकडे याला अपडाऊन म्हणतात आणि अर्ध्या वऱ्हाडाचं आयुष्य त्यात जातं. सकाळी अमरावतीहून ऑटोनं बडनेरा, तिथून गाडी, कुरूम, माना, मूर्तिजापूर करत अकोला. संध्याकाळी तेच उलटं. पहिल्याच आठवड्यात मुलाला ताप असताना मला निघावं लागलं. मी खिडकीशी बसले होते. समोर एक ठेंगणी, जाड काचांच्या चष्म्याची बाई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत मेथीची जुडी. ती मेथी निवडत होती. गाडी कुरूमला आली तशी ती म्हणाली,

"काहून रडून राहिली?"

"रडत नाहीये. डोळ्यात कचरा गेला."

"मंग दुसऱ्याबी डोयात गेला का?"

मला हसू आलं, राग पण आला. तिनं अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवली. "निवड. हात चालले का डोकं गप्प बसते." मग थोड्या वेळानं: "घरचं ओझं गाडीत आणायचं नाई. बडनेऱ्याच्या जिन्यावर ठेवायचं. संध्याकाळी तिथंच असते. कोणी चोरत नाई."

ती माझ्याच कार्यालयात, माझ्याच शाखेत निघाली. टेबलही शेजारचं मिळालं.

विमलताईंचं माहेर वलगावचं, सासर अमरावतीतलंच. यजमान शाळेत खेळाचे शिक्षक, आवाज मैदानावरचा, घरातही तोच. एक मुलगी, मंजू. विमलताईंनी सगळी नोकरी अपडाऊनमध्ये केली आणि त्यात त्यांचं एक शास्त्र तयार झालं होतं. ते त्या कुणाला शिकवायला जात नसत. कुणी अडलेलं दिसलं की त्यातलं एखादं वाक्य काढून हातात देत, दुकानदार पुडी देतो तसं.

उन्हाळ्यात पर्समध्ये कांदा असायचा. तो सगळ्यांच्याच असतो, पण यांच्या पर्समध्ये कांद्याबरोबर मिठाची पुडी आणि अर्धी भाकर असायची. "कांदा नुसता ठेवून लू थांबत नाई. खा लागते." ऑफिसला घालायचे सगळे ब्लाउज काळे. "सकाळी कपाटापुढं उभं राहून इचार करणारी बाई दिवसभर इचारच करते." घरी गेल्यावर पाय धुवायचे, पाणी प्यायचं आणि पाय पसरून बसायचं, चहा कुणी दिला तर ठीक, नाही दिला तरी बसायचंच. "पहिल्या दिवशी घरचे पाहतात. दुसऱ्या दिवशी बोलतात. आठ दिवसांत त्याहिले सवय होते. आपल्याले होत नाई, हा मुद्दा आहे." सुटी आजारी पडायच्या आधी घ्यायची, म्हणजे ती अंगी लागते. आणि झोपेबद्दल त्या म्हणत, झोप मांजरीसारखी असते, बोलावलं की येत नाही, आपण दुसरीकडे पाहत पडलं की येऊन पायाशी बसते. मला स्वतःला हे खोटं वाटायचं. पण करून पाहिलं आणि झोप आली.

त्यांचे सगळेच सल्ले खरे नव्हते. डोकेदुखीवर त्या कानात तेल सांगत, आणि माझ्या मैत्रिणीचा कान त्यापायी आठवडाभर ठणकत होता. तिनं तक्रार केली तर विमलताई म्हणाल्या, "पण डोकं थांबलं ना?" तिला थांबलंच होतं, कारण कानापुढे डोकं आठवलंच नव्हतं. असा त्यांचा हिशेब.

पण त्यांचा खरा गाजलेला नियम एकच. उत्तर उद्या सकाळी.

कुणी टोचून बोललं, साहेबानं मेमो दिला, नणंदेनं फोनवर काही मागितलं, नवरा म्हणाला नोकरी सोड, काहीही असो, आज उत्तर द्यायचं नाही. एवढंच म्हणायचं, उद्या सकाळी सांगते. "आजच्या उत्तरात राग असते, नाई तं भेव असते, नाई तं लाज असते. सकाळच्या उत्तरात फक्त उत्तर असते."

आमच्या शाखेत वासंती नावाची एक तिखट मुलगी होती. नव्या साहेबांनी तिला उशिरा येण्याबद्दल खुलासा मागितला. गाडी लेट होती, तिचा दोष नव्हता. तिनं दोन पानी खुलासा लिहिला. त्यात साहेबांच्या स्वतःच्या येण्याजाण्याच्या वेळा होत्या, त्यांच्या गाडीचा उल्लेख होता आणि शेवटी एक म्हणही होती. विमलताईंनी तो वाचला.

"लय मस्त लिहिला. म्हण तं एकदम फिट बसली."

"देऊ ना मग?"

"दे ना. उद्या सकाळी दे. आज माह्या ड्रॉवरमध्ये राहू दे, मले घरी नेऊन आमच्या सरांले वाचून दाखवायचा आहे."

दुसऱ्या दिवशी वासंती आली, ड्रॉवर उघडला, खुलासा वाचला आणि स्वतःच फाडला. तीन ओळींचा नवा लिहिला. साहेबांनी त्यावर सही केली आणि प्रकरण संपलं. पुढे हेच साहेब वासंतीच्या लग्नाला आले होते. विमलताईंना मात्र त्या म्हणीचं वाईट वाटत राहिलं. "वाया गेली वं," त्या कितीतरी दिवस म्हणत.

मीही तो नियम वापरला. सासूबाई एकदा म्हणाल्या, तुझ्या नोकरीपायी माझा नातू वाळला. माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि ते चांगलं लागेल असं होतं. मी म्हटलं, उद्या बोलू. सकाळी स्वयंपाकघरात गेले तर त्या माझ्या डब्यासाठी भाकरी थापत होत्या. बोलायला काही उरलंच नव्हतं.

गाडीत हा नियम चेष्टेचा विषय झाला होता. मूर्तिजापूरला एक साडीवाला चढायचा. विमलताईंना एक जांभळी साडी आवडली, आम्ही सगळ्या म्हणालो घ्या, आणि त्या म्हणाल्या, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी साडी विकली गेली होती.

"गेली ना ताई? घ्या तुमचा नियम!"

"गेली तं गेली. दुसऱ्या बाईची असन ते."

असं म्हणून त्या पुन्हा भाजी निवडायला लागल्या. स्वतःच्या कुठल्याही गोष्टीचं त्यांना वाईट वाटत नाही, असं आम्हाला तेव्हा वाटायचं.

मंजूचं लग्न अकोल्यात झालं. गोरक्षण रोडवर सासरचं घर, खाली औषधांचं दुकान. आमच्या कार्यालयापासून पायी जाण्याइतकं. आम्ही म्हणालो, ताई, तुमची मजा झाली, रोज डबा लेकीकडे. विमलताई महिन्यातून एकदा जात, तेही विहीणबाईंना आधी कळवून, जाताना काहीतरी घेऊन, आणि अर्ध्या तासात परत. "माय रोज दिसली का सासू म्हणते, पोरगी नांदतच नाई." हा त्यांचा दुसरा नियम. यानंही अनेक मुलींचे संसार सुरळीत झाले असतील.

लग्नाआधी मंजू कधी कधी आमच्या गाडीनं यायची. अकोल्याला कॉलेजात होती. मोठ्यानं हसायची. डब्यातल्या अनोळखी बायकांनाही ती बोलतं करायची. लग्नानंतर ती एका शाळेत शिकवत होती, नंतर कळलं की सासरच्यांनी नोकरी सोडायला लावली, घरात दुकानाचं काम आहे म्हणून. मग पहिली मुलगी झाली. विमलताई याबद्दल बोलत नसत. एकदा फक्त म्हणाल्या, "तिच्या घरी आजकाल मोठ्यानं हसलं तं सासू खिडकी लावते."

तो पावसाळ्याआधीचा दिवस होता. दुपारी जेवणाची सुटी नुकतीच संपली होती. विमलताईंचा फोन वाजला. मी शेजारी होते, त्यामुळे एका बाजूचं बोलणं कानावर पडलं. "हं." "हं." "कोणी मारलं?" त्यांचा पेन टेबलावर आडवा पडला होता आणि त्या तो बोटानं पुढे-मागे लोटत होत्या. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी सांगते तुले. उद्या सकाळी. हाव." आणि फोन ठेवला.

मी विचारलं, "मंजू का?"

"हाव. डोकं दुखून राहिलं तिचं."

त्या दिवशी त्यांनी साहेबांकडे जाऊन अर्धा दिवस रजा मागितली आणि दुपारच्याच गाडीनं निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गाडीला आल्या. भाजीची पिशवी नव्हती. बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत होत्या. मी काही विचारलं नाही, कारण गाडीत असं विचारायचं नसतं हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

नंतर लक्षात आला तो एवढाच बदल. मंजूचा फोन आला की त्या पहिल्या रिंगलाच उचलत, समोर साहेब उभे असले तरी, हात शाईनं भरलेले असले तरी. आणि कुणी म्हटलं, ताई, उत्तर उद्याच देऊ ना, तर म्हणत, "कोण इचारून राहिलं त्यावर आहे." पूर्वी त्या असं म्हणत नसत. आम्हाला वाटलं, वय झालं, नियम सैल झाले.

मंजू मात्र फोनवर हवापाण्याचं बोलायची. "बरी आहे. पाऊस आहे का तिकडे? बाबांची गुडघेदुखी?" हे मला ऐकू यायचं, कारण विमलताई आता फोनचा आवाज पूर्ण वाढवून ठेवत. जणू पलीकडून एखादा शब्द निसटायला नको.

पुढे त्या निवृत्त झाल्या. माझी बदली अमरावतीला झाली. गावंडे सर वारले. मंजूला दुसरी मुलगी झाली. संसार झाला तिचा. वाईट झाला असंही म्हणता येणार नाही. नवरा पुढे निवळला, सासू अंथरुणाला खिळली आणि तिची सगळी सेवा मंजूनंच केली. कुणाला सांगितलं तर म्हणतील, बघा, थांबली म्हणून सगळं नीट झालं.

मागच्या दिवाळीनंतर मी अमरावतीतच, साईनगरला विमलताईंकडे गेले. त्या फार वाळल्या होत्या, पण माझ्यासाठी सांबारवड्या करून ठेवल्या होत्या. कोथिंबीर भरपूर, तिखटही भरपूर. घर लहान, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक खोली. समोरच्या पडवीत गव्हाच्या कोठ्या, तुरीचं पोतं, जुना कूलर, सरांची सायकल, एवढी दाटी की खुर्ची ठेवायला जागा नाही. वड्या खाऊन हात धुवायला मी मागे गेले. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक पलंग, त्यावर धुतलेली चादर, भिंतीला एक छोटं टेबल. बाकी काही नाही.

"ताई, पडवीत चालायला जागा नाही आणि ही खोली रिकामी? त्या कोठ्या इथे का नाही ठेवत?"

"नाई. ते मंजूची आहे."

"मंजू राहायला येते?"

"दिवाळीले येते. मंग समोरच झोपते, माह्याजोळ."

त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या. मीही बसले. आणि इतक्या वर्षांनी त्या दुपारच्या फोनवर पलीकडून काय विचारलं होतं ते त्यांनी सांगितलं.

"म्हणे, आई, चार दिवसांसाठी नाई, कायमची आली तं चालन का? पोरीले घेऊन. त्यानं हात उचलला होता. गच्चीवरून बोलून राहिली होती, खाली ऐकू जाऊ नाई म्हणून."

"आणि तुम्ही म्हणालात उद्या सांगते."

"हाव."

मी उघड्या दारातून त्या पलंगाकडे पाहिलं.

"मले नुसतं 'ये' नव्हतं म्हणायचं, वर्षा. सर तयार पाहिजे होते. तुले माहीत आहे त्याहिचा आवाज. ते म्हणाले असते, लोक काय म्हणतीन, आन् पोरीनं ते दारातच ऐकलं असतं. म्हणून मी दुपारच्या गाडीनं घरी आली. सरांशी बोलली. लय भांडली. शेवटी ते म्हणाले, येऊ दे. ह्या खोलीत तवा कापूस होता, पोते होते. ते आम्ही दोघांनी मिळून काढले. सरांनी सोता भिंत झाडली. पलंग शेजाऱ्याकडून आणला. मले तिले पक्कं सांगायचं होतं. ये, तुई खोली तयार आहे, तुये बाबा हो म्हणते, पोरीचा पाळणा कुठं टांगायचा तेबी ठरलं आहे. अर्धवट सांगायची मले सवय नाई."

"मग सकाळी?"

"सकाळी सहाले फोन केला. म्हणे, राहू दे आई, तसं काही नाई. डोकं दुखत होतं म्हणून बोलून गेली." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. घाईनं नाही, नेहमी पुसत तसाच. "तिले वाटलं, आईनं इचार केला. लेकीले घरात घ्यायचा कोणी इचार करते का?"

"मग तुम्ही तिला सांगितलं का नाही? ही खोली, सर..."

"काय सांगू? तिनं तं तिथंच राहायचं ठरवलं होतं. मी सांगितलं असतं तं तिचा पाय दोन्हीकडं अडकला असता. वाटलं, आज नाई, जरा बसू दे. मंग पोरगी मोठी झाली, मंग दुसरी झाली, मंग सासू पडली. आन् मंग असं झालं का आता कोणत्या तोंडानं सांगू. बारा वर्षांनी पोरीले म्हणू का, तुई खोली तयार आहे?"

"ताई, आत्ता लावा फोन. मी बसते इथे."

त्या हसल्या. "तू लय घाईची आहेस, पहिल्यापासून. दिवाळीची आत्ताच तं येऊन गेली ते. संक्रांतीले ते येईन तवा समोर बसून सांगीन. फोनवर नाई सांगत मी आता काही."

मी निघाले तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. एका हातात माझ्यासाठी वड्यांचा डबा, दुसऱ्या हातानं फाटकाचा कडी-कोयंडा धरलेला, कारण तो सैल झाला होता आणि त्यांनी त्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा अडकवला होता. "हे पाय," त्या मला दाखवत म्हणाल्या, "ट्यूब लावली का फाटक हवेनं वाजत नाई. तुया घरी करून पाय." मी वळून पाहिलं तेव्हा त्या वाकून तो तुकडा नीट बसवत होत्या. तेच शेवटचं पाहणं.

तेरवीला मंजू होती. पंगतीत वाढत होती, सगळ्यांचं पाहत होती, डोळे कोरडे. अशा गर्दीत तिला बाजूला घेऊन काही सांगावं असं मला वाटलं नाही. मग महिने गेले. आज लिंबाच्या पाण्यात तो पंप फिरायला लागला, तेव्हा एवढंच मनात आलं की विमलताईंचं हे सगळं आमच्याकडे राहिलं, लिंबू, कांदा, फाटकाची ट्यूब, आणि ज्या एका माणसाला त्यांना सांगायचं होतं तिला काहीच पोचलं नाही.

१३ एप्रिल, सोमवार. सकाळी मी ऑफिसला रजा टाकली आणि अकोल्याची गाडी पकडली. मंजूला आधी कळवलं नाही.

ती गच्चीवर होती. पांढऱ्या धोतरावर मुगाच्या वड्या घालत होती. चाळिशीला आली आहे, केस पुढून पांढरे. मला पाहून चकित झाली, पण हात पिठात होते म्हणून उठली नाही. "मावशी! बसा, बसा. त्या खाटेवर सावली आहे." मी खाटेवर बसले नाही, तिच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. दुपारची गाडी, सरांशी भांडण, कापूस, पोती, शेजाऱ्याचा पलंग. फिरवून सांगता येत नाही मला. सरळ सांगितलं.

तिचा हात थांबला नाही. एकामागून एक वडी पडत होती, सारख्या अंतरावर.

"मले माहीत आहे मावशी."

"काय?"

"बाबांनी सांगितलं होतं. त्याच वर्षी, राखीच्या वेळी आले होते तवा. म्हणे, तुया आईनं माझ्याशी एवढं भांडण कधीच केलं नव्हतं."

"मग तू तिला काही म्हणाली का नाहीस? इतकी वर्षं?"

"आई सांगन म्हणून थांबली होती." तिनं पातेल्याच्या कडेचं पीठ बोटांनी गोळा केलं. "दिवाळीले जायची ना, तं मुद्दाम त्या खोलीच्या दारापुढून दोनदा-तीनदा जायची. वाटायचं, आता तरी म्हणन, जाय वं, तिथं झोप. नाई म्हणाली. मले वाटलं, बाबांनी माझं मन ठेवायले खोटंच सांगितलं असन."

"म्हणाली असती तर?"

"पहिले चार-पाच वर्षं तं गेलीच असती." तिनं आणखी दोन वड्या घातल्या. "मंग नाई. मंग पोरींच्या शाळा होत्या."

खाली रस्त्यावरून एक टरबूजवाला ओरडत गेला. मंजूनं पातेलं पुढे केलं. मी हात धुतले आणि तिच्याबरोबर वड्या घालायला लागले. माझ्या लहान-मोठ्या पडत होत्या, तिनं काही म्हटलं नाही. धोतर भरलं तेव्हा ऊन पार भिंतीपर्यंत चढलं होतं.

"चला मावशी, खाली," ती म्हणाली. "जेवून जा. वांग्याची भाजी आहे."

मी जेवले. तिनं समोर बसून वाढलं आणि स्वतः माझ्यानंतर जेवली. दुपारच्या गाडीनं मी परत आले.